चालायला आवडतं, वजनं नकोशी वाटतात

प्रश्न : वय ४२. गुलमोहर रोडवर पहाटे चालायला मजा येते, जिममध्ये मात्र मन रमत नाही. नुसतं चालणं पुरेल का?
– एक वाचक, सावेडी

उत्तर : चालणं सोडू नका, पण तेवढ्याने भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामासोबत २ दिवस स्नायूंचा व्यायामही सुचवते. जिम नको असेल, तर तालमीतले जोर-बैठका घरीच काढा. आधी भिंतीला हात टेकून जोर, मग खुर्चीवरून ऊठबस, प्रत्येकी ८-१०. श्वास रोखू नका. चालून आल्यावर अंग गरम असतं, तेव्हाच करा. चालल्यावर लगेच प्रसन्न वाटतं, ताकद मात्र हळूहळू वाढते. म्हणून आकडे वहीत लिहा. ते वाढताना दिसले, की गोडी लागतेच.