आभासी चलनाची किल्ली : सुरक्षित जतनाचे शास्त्र आणि व्यवहार

धान ज्याच्या कोठीत, धान त्याचे, ही समजूत गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्यास नवीन नाही. भरडाईसाठी गिरणीवर पोहोचविलेल्या धानाची शेतकऱ्याच्या हाती केवळ चिठ्ठी असते. गिरणी सचोटीची असेल तोवर ती चिठ्ठी धानाइतकीच मोलाची असते, आणि गिरणीस कुलूप लागले की ती कागदाचा कपटा ठरते. बिटकॉइन व तत्सम आभासी चलनांच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात आज पुढे आला आहे. नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, हैदराबाद येथे गेलेले तरुण असा व्यवहार करतात आणि त्याची चर्चा तिरोडा, आमगाव, देवरीपर्यंत येऊन पोहोचते. गावात शंका उपस्थित झाली म्हणजे ती शिक्षकास, ग्रामपंचायत अधिकाऱ्यास वा सरपंचास विचारली जाते. या चलनाचे जतन कसे होते, त्यासाठी वापरले जाणारे हार्डवेअर वॉलेट म्हणजे काय आणि ते कोठे अपुरे पडते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. आभासी चलन घ्यावे वा न घ्यावे, हा या लेखाचा विषय नव्हे.

कायद्याची स्थिती

आभासी चलन हे भारतात कायदेशीर चलन नाही. त्यामागे रिझर्व्ह बँकेची हमी नाही आणि बँकेतील ठेवींना मिळणारे विम्याचे संरक्षणही नाही. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाद्वारे बँकांना या व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली होती. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून या मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के दराने कर आकारला जातो आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहारातील नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार करणाऱ्या संस्था आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आल्या. थोडक्यात, या मालमत्तेवर कर आहे; परंतु ती कर भरण्यास पात्र ठरली म्हणून शासनाने तिची हमी घेतली, असा अर्थ मात्र काढता येणार नाही. शासकीय कर्मचाऱ्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये सट्टा स्वरूपाच्या गुंतवणुकीस असलेली मनाईही ध्यानात ठेवली पाहिजे.

नाणे नव्हे, किल्ली

३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या नोंदवहीचे पहिले पान सुरू झाले. ही नोंदवही कोणा एका बँकेत नसून जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, एवढेच तीत लिहिलेले असते. नाणे म्हणून कोठेही काही ठेवलेले नसते. त्या पत्त्यावरील शिल्लक दुसरीकडे वळविण्यासाठी एका अतिप्रचंड गुप्त संख्येच्या साहाय्याने सही करावी लागते. या संख्येस खासगी किल्ली म्हणतात. जिच्या हाती किल्ली, त्या व्यक्तीचा हुकूम नोंदवही मानते. हुकूम देणारा मालक आहे की चोर, हे पाहण्याची सोय तीत नाही, आणि एकदा झालेली नोंद मागे घेण्याचीही नाही.

ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांस ही कल्पना अपरिचित वाटू नये. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर वित्त आयोगाच्या निधीतून देयक अदा करताना संगणकास एक लहानसे टोकन जोडून डिजिटल सही करावी लागते. त्या टोकनमध्येही खासगी किल्लीच असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ ने त्या किल्लीवर ताबा ठेवण्याची, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास विनाविलंब कळविण्याची, जबाबदारी प्रमाणपत्रधारकावर टाकली आहे. फरक एवढाच की, डिजिटल सहीचे टोकन हरविल्यास प्रमाणपत्र रद्द करून नवे घेता येते. आभासी चलनाची किल्ली हरविल्यास अर्ज करावयास कार्यालयच नाही. वेल्समधील न्यूपोर्ट येथे २०१३ साली किल्ली असलेली संगणकाची तबकडी कचऱ्यात गेली. हजारो बिटकॉइन नोंदवहीत आजही दिसतात. पण त्यांना हात लावता येत नाही.

हार्डवेअर वॉलेटचे कार्य

किल्ली ठेवण्याचे तीन प्रकार संभवतात. पहिला, ती बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीकडेच राहू देणे. ही गिरणीतील धानाची स्थिती होय. दुसरा, स्वतःच्या भ्रमणध्वनीत वा संगणकात ठेवणे. हे उपकरण सतत इंटरनेटशी जोडलेले असल्याने त्यात शिरलेला घातक प्रोग्राम किल्ली चोरू शकतो. तिसरा प्रकार हार्डवेअर वॉलेटचा.

झेक प्रजासत्ताकातील प्राग येथे तयार झालेले ट्रेझर हे अशा प्रकारचे आरंभीचे यंत्र २०१४ मध्ये बाजारात आले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लेजर ही कंपनी स्थापन झाली. आकाराने हे यंत्र पेनड्राइव्हएवढे, त्यास छोटा पडदा आणि एकदोन बटणे. किल्ली यंत्राच्या आतच तयार होते व आतच राहते. व्यवहाराचा मसुदा संगणकाकडून यंत्रात जातो, यंत्र पडद्यावर रक्कम व पत्ता दाखविते, मालक बटण दाबून संमती देतो आणि सही झालेला मसुदा तेवढा बाहेर येतो. संगणक दूषित असला तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. यंत्र चोरीस गेल्यास पिन क्रमांकाचा अडसर असतो. काही यंत्रे तीन वेळा चुकीचा पिन दिल्यास आतील मजकूर आपोआप पुसून टाकतात.

मग मालकाचे काय? यंत्र प्रथम सुरू करताना ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची एक मालिका दाखविते. २०१३ मध्ये ठरलेल्या पद्धतीनुसार हे शब्द २०४८ शब्दांच्या निश्चित यादीतून निवडले जातात आणि त्यांच्या क्रमावरून किल्ली पुन्हा तयार करता येते. यंत्र फुटले, जळाले, हरविले तरी नव्या यंत्रात तीच शब्दमाला भरल्यास सर्व शिल्लक पुन्हा हाती येते. म्हणजेच खरी तिजोरी ही शब्दमाला होय. यंत्र हे तिचे सोयीस्कर कुलूप आहे. शब्दमाला ज्याने वाचली, त्यास यंत्राचीही गरज उरत नाही आणि पिनचीही.

मुंबईचा धडा

यंत्र घेतले म्हणजे काळजी संपली, असे मानणाऱ्यांनी १८ जुलै २०२४ ची घटना अभ्यासावी. वझीरएक्स या मुंबईत वाढलेल्या आभासी चलन बाजारपेठेतून त्या दिवशी सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची मालमत्ता चोरीस गेली. ही मालमत्ता एका किल्लीवर नव्हती. कंपनीच्या निवेदनानुसार त्या वॉलेटचे सहा सहीदार होते. पाच कंपनीचे आणि एक दुसऱ्या सुरक्षा सेवा संस्थेचा. कंपनीचे सहीदार हार्डवेअर वॉलेटच वापरीत होते. तरीही चोरी झाली. कारण संगणकाच्या पडद्यावर दिसलेला व्यवहार एक होता आणि प्रत्यक्ष सही झालेला मजकूर दुसराच होता, असे कंपनीने म्हटले. दोष कोणाचा, याविषयी दोन्ही संस्थांत मतभेद झाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हस्तकांवर ठेवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने पुनर्रचना योजनेस मंजुरी देईपर्यंत, म्हणजे सव्वा वर्ष, सामान्य ग्राहकांची आभासी मालमत्ता अडकून राहिली.

या घटनेतून दोन गोष्टी सिद्ध होतात. परक्याच्या कोठीतील धानास परक्याच्या संकटाचा वाटा पडतो, ही पहिली. आणि दुसरी अशी की, किल्ली चोरीस न जाताही मालमत्ता जाऊ शकते. त्यासाठी मालकाने न वाचता केलेली सही पुरेशी असते. कोऱ्या धनादेशावर सही करू नये, हा पंचायतीच्या दप्तरातील जुना नियम येथेही तंतोतंत लागू पडतो.

ताब्याच्या प्रश्नाचे दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के दराने १८ महिने परताव्याचे आमिष दाखविण्यात आले होते. २०१८ मध्ये पुणे व नांदेड येथील गुन्ह्यांत पोलिसांनी प्रमुख आरोपींना अटक केली. तपासास तांत्रिक साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या दोघा तज्ज्ञांनाच पुढे मार्च २०२२ मध्ये, आरोपींच्या वॉलेटमधील चलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून अटक झाली. आरोपाचा निर्णय न्यायालयाच्या अधीन आहे. तथापि, एकट्या माणसाच्या हाती किल्ली व शब्दमाला सोपविणे किती जोखमीचे, याचा विचार प्रत्येक कार्यालयाने करावा असे हे प्रकरण आहे.

जतनाचे नियम

यंत्र उत्पादकाकडून वा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. खोक्यात आधीच छापलेली शब्दमाला आढळल्यास ते यंत्र मुळीच वापरू नये; ते शब्द विक्रेत्यासही ठाऊक असतात. खरी शब्दमाला यंत्र स्वतः, प्रथम वापराच्या वेळी, आपल्याच पडद्यावर दाखविते.

शब्द हाताने कागदावर, क्रमांक घालून, रोमन लिपीतच लिहावेत. शब्दांच्या अधिकृत याद्यांत मराठीची यादी नाही. ऐकून देवनागरीत लिहिलेल्या इंग्रजी शब्दाचे मूळ स्पेलिंग पुढे आठवेलच असे नाही. यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. ती चार अक्षरे तरी सुवाच्य असावीत. शब्दमालेचे छायाचित्र काढू नये, ती व्हॉट्सॲपवर पाठवू नये, ई-मेलमध्ये वा संगणकात साठवू नये. आपल्या भागात पाऊस आणि वाळवी हे कागदाचे जुने वैरी आहेत. यास्तव धातूच्या पट्टीवर शब्द कोरून घेण्याची पद्धत अधिक टिकाऊ ठरते. मात्र ते कोरण्याचे काम परक्या कारागिराकडे देऊ नये. दोन प्रती दोन निरनिराळ्या इमारतींत ठेवाव्यात.

मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी अल्प रक्कम पाठवावी, नंतर यंत्र पूर्ण पुसून शब्दमालेवरून ते पुन्हा उभे करावे आणि शिल्लक परत दिसते की नाही याची खात्री करावी. ही परीक्षा रक्कम अल्प असतानाच स्वस्त असते. प्रत्येक व्यवहारात पत्ता यंत्राच्या पडद्यावर आरंभापासून शेवटपर्यंत ताडून पाहावा. यंत्राने मजकूर समजेल अशा रूपात दाखविला नाही, तर सही करू नये.

शब्दमाला कोणासही सांगू नये. लेजर कंपनीच्या सुमारे २ लाख ७० हजार ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर त्या ग्राहकांना कंपनीच्या नावाने बनावट पत्रे आणि काहींना बनावट यंत्रेही पाठविण्यात आली. सर्वांचा हेतू शब्दमाला काढून घेण्याचा होता. कंपनी, बँक, आयकर विभाग वा पोलीस यांपैकी कोणाचे नाव सांगून दूरध्वनीवर शब्द विचारणारा मनुष्य फसवणूक करणाराच समजावा.

वारसांचा प्रश्न

या साऱ्यात सर्वाधिक दुर्लक्षित बाब वारसाची. बँकेच्या खात्यास नामनिर्देशन असते, जमिनीस सातबारा व फेरफार असतो. हार्डवेअर वॉलेटपुढे मात्र वारस दाखला वा न्यायालयाचा हुकूम निरुपयोगी ठरतो. त्यास शब्दच हवे असतात. घरातील कर्ता पुरुष वा स्त्री अचानक गेली आणि कपाटातील यंत्र जुना पेनड्राइव्ह समजून मुलांच्या खेळण्यात गेले, तर कुटुंबाचे नुकसान कोणालाही भरून देता येणार नाही. त्यासाठी अशी मालमत्ता अस्तित्वात आहे, यंत्र कोठे आहे आणि शब्दमाला कोणत्या ठिकाणी मोहोरबंद ठेवली आहे, याची नोंद मृत्युपत्रासोबत असावी. प्रत्यक्ष शब्द मृत्युपत्रात लिहू नयेत. ते अनेकांच्या हाती जाते. खरेदीची तारीख व किंमत यांची वहीही सोबत असावी. कर आकारणीच्या वेळी वारसास तिचाच आधार लागेल.

गावपातळीवरील कर्तव्य

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस किल्ली, सही व नोंदवही या तीन कल्पना समजावून द्याव्यात. त्या बँकेच्या व्यवहारासही उपयोगी आहेत. ग्रामसभेत निश्चित मासिक परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या योजनांविषयी सावध करावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांतच रक्कम रोखण्याची शक्यता अधिक असते. आणि पंचायतीने आपल्या दप्तरापासून आरंभ करावा. डिजिटल सहीचे टोकन एकाच्या खणात आणि पिन त्याच खणातील चिठ्ठीवर, अशी स्थिती असेल, तर सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी या दोन सह्यांचा हेतूच निष्फळ होतो. ज्याची सही, त्याचे टोकन, आणि ज्याचे टोकन, त्याचीच जबाबदारी, हे तत्त्व आधी गावाच्या निधीस लागू करावे. गावाच्या निधीची किल्ली जपण्याची शिस्त ज्यांना लागली, त्यांना घरच्या किल्लीविषयी फारसे सांगावे लागणार नाही.