लहान कारखान्यासाठी माहिती-विश्लेषणाच्या साधनाची निवड

बंगळूरु शहराच्या वायव्येस पीण्या नावाची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. तिच्या शेजारीच जलाहळ्ळी येथे १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता. अशा मोठ्या कारखान्यांच्या आधाराने यंत्रकामात तरबेज झालेल्या कारागिरांच्या पिढ्या ह्या परिसरात तयार झाल्या. पुढे पीण्यात लेथवर सुटे भाग कातणारे, साचे बनविणारे, धातूवर मुलामा देणारे असंख्य लहान कारखाने उभे राहिले. अशा कारखान्याच्या मालकास धातूचा स्वभाव कळतो, यंत्राचा बिघडलेला आवाज दुरून ओळखता येतो. परंतु कोणत्या गिऱ्हाइकाच्या कामात पैसा सुटतो आणि कोणत्या कामात तो अडकून पडतो, असे विचारल्यास उत्तरासाठी त्यास पुष्कळदा वर्षाखेरच्या ताळेबंदाची वाट पाहावी लागते. भोसरी, शिरोली किंवा बेळगावचे उद्यमबाग येथील कारखानदारासही हा अनुभव परका नाही.

हे उत्तर वेळेवर मिळावे म्हणून जी संगणकीय साधने विकली जातात, त्यांना व्यापारी जगात ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे भारदस्त नाव आहे. आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून ह्यांनी १९५८ साली ह्याच नावाचा एक निबंध प्रसिद्ध केला होता. संस्थेत येणारे कागदपत्र यंत्राने वाचावेत, त्यांचा सारांश काढावा आणि ज्या माणसाला त्यांची गरज आहे त्याच्याकडे ते आपोआप पोहोचवावेत, अशी त्यांची कल्पना होती. आज ह्या शब्दाचा अर्थ काहीसा निराळा झाला आहे. कारखान्याच्या वेगवेगळ्या नोंदवह्यांतील आकडे एकत्र आणावयाचे आणि त्यांना प्रश्न विचारता येतील अशा रीतीने ते कोष्टकांत व आलेखांत मांडावयाचे, एवढाच त्याचा व्यावहारिक आशय होय. कीर्द व खतावणी ह्यांत घडलेले व्यवहार नोंदले जातात. हे साधन त्या नोंदींचा परस्परसंबंध दाखविते. ते स्वतः एकही नवी नोंद निर्माण करीत नाही. जी गोष्ट वहीत कधी लिहिलीच गेली नाही, ती कितीही महागड्या आज्ञावलीतून प्रकट व्हावयाची नाही.

लहान उद्योगासाठी योग्य आज्ञावली मिळविण्याचा प्रश्न बंगळूरुस नवा नाही. श्यामसुंदर गोएंका हे गिरण्या व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरविण्याचा व्यवसाय करीत. आपले हिशोब सांभाळील अशी सोईस्कर आज्ञावली त्यांना बाजारात सापडेना. तेव्हा त्यांनी आपला मुलगा भारत ह्यास ती तयार करण्यास सांगितले. १९८६ साली सुरू झालेल्या ह्या उद्योगातूनच पुढे ‘टॅली’ ही देशभर परिचित असलेली हिशोबाची आज्ञावली उदयास आली. येथे प्रथम गरज होती आणि मग साधन आले. आजचा खरेदीदार बहुधा उलट्या क्रमाने जातो: प्रथम विक्रेत्याने दाखविलेली रंगीत चित्रे पाहतो आणि मागाहून त्यांचा उपयोग शोधू लागतो.

म्हणून पहिले काम कागदावर करावयाचे असते. येत्या वर्षात कोणते निर्णय घ्यावयाचे आहेत आणि ते कोणत्या आकड्यावर अवलंबून आहेत, हे मालकाने स्वतः लिहून काढावे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कारखान्याचे दोन गिऱ्हाईक आहेत. पहिल्यास दरमहा २० लाख रुपयांचा माल जातो, त्यावर १२ टक्के नफा सुटतो आणि पैसे चार महिन्यांनी मिळतात. दुसऱ्यास ८ लाखांचा माल जातो, नफा १० टक्के, पैसे एका महिन्यात. विक्रीची वही पाहिली तर पहिला गिऱ्हाईक सर्वच दृष्टींनी सरस वाटतो. परंतु पहिल्याकडे सदैव ८० लाख रुपये येणे राहते. ही सर्व रक्कम दरसाल १२ टक्के व्याजाच्या कर्जावर उभी आहे असे सोईसाठी धरले, तर व्याजाचा बोजा दरमहा ८०,००० रुपये होतो. नफ्याच्या २,४०,००० रुपयांतून तो वजा जाता १,६०,००० रुपये, म्हणजे विक्रीच्या ८ टक्के उरतात. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत येणे ८ लाख, व्याज ८,००० रुपये, आणि ८०,००० मधून ते वजा करता ७२,००० रुपये, म्हणजे ९ टक्के उरतात. नव्या यंत्राचे तास कोणास द्यावयाचे, हा निर्णय आता पूर्वीइतका सरळ राहत नाही. आणि हे कळण्यासाठी विक्री, वसुली व कामावार खर्च ह्या तीन वह्या एकत्र वाचाव्या लागल्या.

येण्याच्या रकमेचे असे वयवार वर्गीकरण लहान पुरवठादारास आणखी एका कारणाने आवश्यक आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने करारातील मुदतीत, आणि ती मुदत कितीही लांब असली तरी ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या जाहीर दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. ही मागणी करावयाची किंवा मोठे गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून गप्प बसावयाचे, हे मालकाने ठरवावे. पण कोणाचे बिल किती दिवसांचे झाले हे तरी त्यास ठाऊक असावे.

तीन वह्या एकत्र वाचणे हे बोलण्यास सोपे आहे. व्यवहारात खरी अडचण येथेच येते. विक्रीच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव पूर्ण असते, गोदामाच्या तक्त्यात आद्याक्षरे असतात आणि पर्यवेक्षकाच्या वहीत नुसते गावाचे नाव असते. माणसाला ही तिन्ही नावे एकच वाटतात. संगणकास ती तीन निरनिराळी गिऱ्हाइके दिसतात. एडगर कॉड ह्यांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीनुसार निरनिराळी कोष्टके सामाईक खुणेने जोडता येतात, आणि आजच्या बहुतेक साधनांचा पाया तोच आहे. परंतु ती सामाईक खूण मुळात असावी लागते. सुदैवाने १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने अशी एक खूण दिली आहे. प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्यास १५ अक्षरांकांचा क्रमांक मिळतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात: कर्नाटकासाठी २९, महाराष्ट्रासाठी २७. पुढील दहा अक्षरांक प्राप्तिकर खात्याच्या पॅन क्रमांकाचे असतात. एखाद्या गिऱ्हाइकाचे कारखाने बंगळूरु व पुणे अशा दोन्ही ठिकाणी असल्यास त्याचे दोन क्रमांक होतात, पण मधले दहा अक्षरांक तेच राहतात. ह्या दहांवरून बेरीज केली म्हणजे एकाच घराण्याकडे एकूण किती रक्कम अडकली आहे ते लगेच दिसते. हे काम आज्ञावली विकत घेण्यापूर्वी, साध्या तक्त्यातही करता येते, आणि ते केल्यावर कित्येक कारखान्यांस निराळ्या साधनाची निकड उरत नाही.

ज्यांना ती उरते त्यांच्यापुढे पर्याय पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टचे ‘पॉवर बीआय’ २०१५ पासून बाजारात आहे. त्यातील अहवाल रचण्याचा भाग विनामूल्य मिळतो, पण तो केवळ विंडोज संगणकावर चालतो, आणि अहवाल इतरांस वाटावयाचे झाले की सामान्यतः माणशी मासिक वर्गणी सुरू होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून २००३ साली निघालेले ‘टॅब्लो’ आलेखांच्या बाबतीत विशेष समर्थ समजले जाते. चेन्नईच्या झोहो कंपनीचे ‘झोहो अॅनालिटिक्स’ आहे. ‘मेटाबेस’ व ‘अपाचे सुपरसेट’ ह्यांच्या मुक्त आवृत्त्यांस परवान्याचे मूल्य द्यावे लागत नाही. मात्र त्या चालविण्यास संगणक लागतो आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस लागतो. त्या माणसाचा पगार हीच त्यांची किंमत होय. पीण्यातील चाळीस माणसांच्या कारखान्यात असा माणूस नोकरीस ठेवणे क्वचितच परवडते, आणि ठेवला तरी शहरातील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या त्यास फार दिवस राहू देत नाहीत. किमतीचा हिशोब म्हणूनच एका महिन्याच्या वर्गणीवरून न करता तीन वर्षांचा करावा, आणि त्यात जुन्या नोंदी स्वच्छ करण्याचा व शिकविण्याचा खर्च धरावा.

विक्रेत्याचे प्रात्यक्षिक नेहमी त्याच्याच निर्दोष आकड्यांवर चालते. त्यावरून काहीच ठरवू नये. दोन साधने निवडून त्यांत स्वतःच्या कारखान्याच्या गेल्या वर्षाच्या, आहेत तशा अव्यवस्थित नोंदी घालाव्यात. पहिली कसोटी ताळ्याची. मागील तिमाहीची विक्री आणि एकूण येणे हे हिशोबाच्या आज्ञावलीतील आकड्यांशी रुपयापर्यंत जुळले पाहिजे. न जुळल्यास दोष कोठे आहे ते शोधावे. बहुधा परत आलेला माल, रद्द झालेली बिले किंवा करासह व कराविना धरलेली रक्कम ह्यांत तो सापडतो. ‘विक्री’ म्हणजे नेमके काय, ह्याविषयी हिशोबनीस आणि विक्री पाहणारा ह्यांचे एकमत नव्हते हे अनेकदा ह्याच वेळी उघडकीस येते, आणि तो वाद यंत्राने नव्हे तर मालकानेच मिटवावा लागतो. दुसरी कसोटी वापराची. विक्रेत्याचा प्रतिनिधी निघून गेल्यावर कारखान्यातील हिशोबनिसाने एक नवा प्रश्न स्वतः विचारून उत्तर काढून पाहावे. पर्यवेक्षकास कन्नड किंवा मराठीच वाचता येत असेल, तर त्या लिपीतील नावे दूरध्वनीच्या लहान पडद्यावर नीट उमटतात की नाही, हेही तेव्हाच पाहावे.

साधनास मूळ वह्या केवळ वाचण्याची मुभा असावी, त्यांत लिहिण्याची नसावी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या आज्ञावलीत प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे. विश्लेषणाच्या सोईसाठी कोणी मूळ बिलाच्या तारखा बदलू लागल्यास ते लेखापरीक्षकाच्या नजरेस येईल. कोणत्या माणसास कोणता आकडा दिसावा हेही आरंभीच ठरवावे, कारण कामगारांचे पगार आणि गिऱ्हाइकांचे भाव एकाच पडद्यावर सर्वांसमोर उघडे राहणे कोणासच रुचणार नाही.

राहता राहिला साधन सोडण्याचा प्रश्न. वर्गणी वाढते, कंपन्या विकल्या जातात. टॅब्लोच तिच्या स्थापनेनंतर सोळा वर्षांनी, २०१९ साली सेल्सफोर्स कंपनीने विकत घेतली. नोंदी बाहेर काढता येतातच, पण त्यांवर बसविलेली सूत्रे व अहवालांची रचना सहसा एका साधनातून दुसऱ्यात जशीच्या तशी जात नाही. ती सूत्रे साध्या भाषेत निराळ्या वहीत लिहून ठेवावीत. करारावर सही होण्यापूर्वी, चाचणीच्या महिन्यातच, वर्षभराच्या सर्व नोंदी साधनातून बाहेर काढून त्या साध्या तक्त्यात उघडून पाहाव्यात आणि त्यांची बेरीज पुन्हा एकदा मूळ वहीशी ताडून घ्यावी.