जुन्या मोटारीतील गळतीचे मूळ कसे शोधावे

मृग नक्षत्र जवळ आले की शेतकरी घराची कौले परततो, गोठा शाकारून घेतो, बांधाला पडलेली भगदाडे बुजवतो आणि बियाण्याच्या पोत्यांखाली फळ्या घालतो. या सर्व खटाटोपात दाराशी उभ्या असलेल्या जुन्या मोटारीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आज अनेक कास्तकारांच्या घरी दहा-पंधरा वर्षे वापरलेली, बहुधा दुसऱ्या हाताने घेतलेली चारचाकी गाडी असते. तीतून माणसे जातात, तसेच बियाणे, खत व औषधेही येतात. अशा गाडीच्या तळाशी पाणी साचू लागले, तर ते पुसून टाकण्यापलीकडे फारसे काही केले जात नाही. फार तर काचेभोवती चिकट लुकण भरून घेतले जाते. या दोन्ही उपायांनी गळती थांबत नाही, हे प्रस्तुत लेखकाने नुकसान सोसून शिकलेले आहे. तो अनुभव व त्यावरून बसविलेली तपासाची रीत वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचा अनुभव

आमची गाडी घरासमोरील चिंचेखाली उभी असे. एका पावसाळ्याच्या आरंभी पुढील डाव्या बैठकीच्या पायाशी ओल दिसली. कारागिराने पुढील काच गळते असे सांगून तिच्या कडेने लुकण भरले. आठ-दहा दिवस बरे गेले, कारण तितके दिवस पाऊसच नव्हता. पुढील सरीबरोबर पाणी पुन्हा आले व पुन्हा लुकण भरले गेले. दुसऱ्या एका कारागिराने तळाच्या पत्र्यास भोक पाडून पाणी खाली सोडण्याचा सल्ला दिला. सुदैवाने तो आम्ही मानला नाही.

याच सुमारास सोयाबीनच्या बियाण्याच्या दोन पिशव्या मागील बैठकीच्या पायाशी दोन रात्री राहिल्या. मागे ओल नाही अशी आमची समजूत होती. परंतु पुढे शिरलेले पाणी गालिच्याखालील जाड थरातून मागे सरकले होते. पिशव्यांच्या तळचे दाणे फुगले, आणि ओल्या गोणपाटात उगवण पाहिली असता शंभरांतील निम्मे दाणेही उगवले नाहीत. ऐन पेरणीच्या तोंडावर बियाणे नव्याने घ्यावे लागले.

तेव्हा कोठे आम्ही रीतसर शोध केला. दोष काचेत नव्हताच. वायपरखालील जाळीतून चिंचेची बारीक पाने आत पडून तेथील पन्हळीचे तोंड बुजले होते. मूठभर कुजका पाला बोटांनी काढताच गळती थांबली. या दुरुस्तीस एक पैसाही लागला नाही, मात्र तोवर बैठकीखालचा पत्रा गंजून चाळणीसारखा झाला होता व तो कापून नवा जोडण्याचा खर्च टळला नाही.

पाणी दिसते तेथे शिरत नाही

बांधाच्या पायथ्याशी पाझर दिसला, तर जाणता शेतकरी तेथे माती लोटीत बसत नाही. तो वरच्या अंगास जाऊन उंदराचे वा खेकड्याचे बीळ शोधतो. मोटारीची गळती याच जातीची आहे. पाणी छपराच्या सांध्यात शिरून खांबाच्या पोकळीतून खाली उतरते, तारांच्या जुडग्यावरून वाहत जाते, गालिच्याखालून पसरते आणि गाडी ज्या बाजूस कललेली असेल तेथे साचते. ओलीची जागा हा केवळ शेवटचा मुक्काम असतो. वाट शोधावयाची ती तेथून उलट वर.

प्रथम पाणी कोणते ते ठरवावे

गाडीच्या आत येणारे सर्वच पाणी पावसाचे नसते. ते केव्हा येते व कसे दिसते, या दोन प्रश्नांनी निम्मा निकाल लागतो.

पाऊस पडल्यावर वा गाडी धुतल्यावर ओल आली, तर ते पाणी बाहेरचे समजावे. उभ्या गाडीत कधीच ओल येत नाही, पण पाण्याने भरलेल्या रस्त्यावरून गेल्यावर येते, तर ते तळातून शिरत आहे.

उन्हाळ्यातही, पाऊस नसताना, एसी चालविल्यावर पुढील पायांशी स्वच्छ व वासहीन पाणी आले, तर ते हवेतील बाष्पाचे पाणी होय. थंड नळ्यांवर जमलेले हे पाणी एका लहान रबरी नळीने गाडीखाली पडावयाचे असते. दमट दिवशी पंधरा-वीस मिनिटे एसी चालवून गाडीखाली पाहावे. तेथे थेंब पडत नसतील, तर ती नळी तुंबली आहे असे समजण्यास हरकत नाही.

पाणी रंगीत व बोटांना बुळबुळीत लागले, त्यास गोडसर वास आला आणि काचेवर आतून तेलकट धुके धरू लागले, तर ते इंजिन थंड ठेवणारे कुलंट होय. हीटरची नळी वा त्याची लहान जाळी फुटली म्हणजे असे होते. हे द्रव्य बहुधा विषारी असते. ते चाखून पाहू नये व कुत्र्या-गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नये. कुलंट कमी होऊन इंजिन तापण्याचे भय असल्याने ही दुरुस्ती लांबवू नये. पायपट्ट्यांखाली तेलकट ओल असेल, तर ते ब्रेकचे वा क्लचचे तेल असू शकते. अशी गाडी तपासणी होईपर्यंत चालवूच नये.

पावसाच्या पाण्याच्या वाटा

वायपरखालील पन्हळ. बॉनेट व पुढील काच यांच्यामध्ये जाळीखाली एक खोलगट पन्हळ असते. काचेवरून उतरणारे पाणी तीत पडून दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जाते. आत हवा ओढणाऱ्या पंख्याचे तोंडही याच पन्हळीत असते. येथे किती पाणी येते याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. काच व छपराचा थोडा भाग मिळून तेवढेच क्षेत्र धरले, तरी ५० मिलिमीटरच्या एका रात्रीच्या पावसात ५० लिटर पाणी या पन्हळीतून जावे लागते. भोके पाल्याने बुजली की पाणी चढते आणि पंख्याच्या तोंडातून गाडीत उतरते. आपल्याकडील गाड्यांत हा पंखा बहुधा डाव्या बाजूस असल्याने ओल डाव्या पायाशी दिसते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत हे स्थान सर्वांत आधी पाहावे.

दारे. पुष्कळांस ठाऊक नसते, की दाराच्या पोकळीत पाणी शिरणे हा दोष नव्हे. काच खाली-वर होते त्या फटीतून पाणी आत जाणारच. ते दाराच्या तळच्या चिरांतून बाहेर पडावे अशी योजना असते, आणि ते गाडीत येऊ नये म्हणून आतील आच्छादनामागे प्लास्टिकचा पडदा चिकटविलेला असतो. काच उचलण्याचे यंत्र दुरुस्त करताना वा ध्वनिवर्धक बसविताना हा पडदा फाडला जातो व पुन्हा चिकटविला जात नाही. मग पाणी उंबरठ्यावरून आत येते. दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर तळच्या चिरा मातीने बुजल्या आहेत असे समजावे.

दारांचे रबर. जुने रबर कडक होते व चेपते. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावावे व पट्टी ओढावी. ती सहज निघून आली, तर त्या जागी रबर टेकत नाही. रबरावर खडू घासून दार लावल्यास चौकटीवर उमटलेल्या रेघेतील खंडही हेच सांगतो.

पुढील व मागील काच. फार जुन्या गाड्यांत काच रबराच्या पट्टीत बसविलेली असते, नंतरच्या गाड्यांत ती चिकटविलेली असते. पट्टी कडक झाली वा चौकटीस गंज चढला, म्हणजे कोपऱ्यांतून पाणी येते. काच कधी बदलली असल्यास तिच्याविषयी संशय अधिक धरावा.

छप्पर, डिकी व तळ. छपरावरील सामानाच्या कठड्याचे खिळे, आकाशकाठीचे भोक आणि छपराच्या कडेच्या सांध्यातील भेगाळलेले लुकण, या तिन्ही जागा पाहाव्यात. डिकीत पाणी असेल, तर मागील दिव्यांमागील रबर व डिकीच्या झाकणाचे रबर तपासावे, आणि जादा चाकाच्या खड्ड्यात पाणी साचले आहे काय ते पाहावे. तळाच्या पत्र्यास जागोजाग रबरी बुचे असतात. एखादे निघाले, की रस्त्यावरील पाणी सरळ आत येते.

पाण्याची परीक्षा

या परीक्षेस दोन माणसे, एक रबरी नळी, एक विजेरी व निवांत अर्धा दिवस पुरतो.

प्रथम गाडी आतून पूर्ण कोरडी करावी. गालिचे व त्याखालील थर उचलावेत, कारण ओल्या थरावरून काहीच कळत नाही. ज्या बाजूंचा संशय असेल तेथील कोरड्या पत्र्यावर खडूची पूड वा अंगास लावावयाची पावडर भुरभुरावी, म्हणजे पाण्याचा ओघळ आपली वाट आपणच लिहून ठेवतो. गाडी नेहमी जशी कललेली उभी राहते, तशीच उभी करावी.

एकाने विजेरी घेऊन आत बसावे व दारे लावून घ्यावीत. दुसऱ्याने नळीचे तोंड मोकळे ठेवून, जोर न देता, पाणी सोडावे. जोराच्या फवाऱ्याने पाऊस कधी जात नाही अशा जागीही पाणी घुसते व निर्णय चुकतो. पाणी खालून वर नेत जावे. आधी दाराचा तळ, मग काचेची फट, मग वायपरखालची जाळी, मग पुढील काचेच्या कडा व शेवटी छप्पर. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटे थांबावे. वरून आरंभ केल्यास सर्वच जागा एकदम भिजतात व दोष कोणाचा ते समजत नाही. आतील माणसाने पहिला थेंब दिसताच हाक द्यावी. थेंब पडला तेथे न थांबता त्याचा ओघळ वर कोठवर जातो ते पाहावे. एक वाट सापडली तरी परीक्षा पुरी करावी. जुन्या गाडीत दोन गळत्या एकत्र असणे मुळीच नवलाचे नाही.

उपाय व खबरदारी

मूळ सापडल्यावर उपाय बहुधा स्वस्त असतो. पाला काढणे, चिरा मोकळ्या करणे, पडदा पुन्हा चिकटविणे वा रबर बदलणे, एवढेच काम असते. लुकण भरावेच लागले, तर आंबूस वासाचे सिलिकॉन पत्र्यालगत वापरू नये. सुकताना त्यातून आम्ल सुटते व त्याने गंजास मदतच होते. मोटारीच्या सांध्यांसाठी मिळणारे लुकण घ्यावे, व तेही जागा कोरडी व स्वच्छ करून लावावे.

पाणी सोडण्यासाठी तळास भोक पाडणे हा उपाय नव्हे. वरची वाट तशीच राहते आणि खालून दुसरी वाट उघडते.

भिजलेला जाड थर बाहेर काढून उन्हात पूर्ण वाळवावा. वरून कोरडा लागला तरी तो आतून अनेक दिवस ओला राहतो. गंज तारेच्या ब्रशाने घासून, गंजरोधक अस्तर व रंग लावून मगच गालिचा घालावा. रासायनिक खत गाडीत सांडले असेल, तर ते आधी पूर्णपणे झाडून व धुऊन काढावे. खताचे क्षार हवेतील ओल ओढून घेतात व गंज झपाट्याने वाढवितात.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. बैठकी व पट्टे यांचे बोल्ट याच तळाच्या वा उंबरठ्यालगतच्या पत्र्यात धरलेले असतात. तो कुजला, तर अपघाताच्या वेळी ज्याने माणसास धरून ठेवावयाचे तेच उपटून येते. बोल्टांच्या आसपास गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर ते काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. तारांची जोडणी ओली झाली असल्यास तिला हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी.

तात्पर्य, आधी पाणी ओळखावे, मग त्याची वाट शोधावी, आणि औषध शेवटी लावावे. रोहिणीच्या दिवसांत एकदा जाळीखालचा पाला काढावा, दारांच्या चिरा मोकळ्या कराव्यात व गालिचा उचलून हात फिरवून पाहावा. या तासाभराच्या कामाने आमचे बियाणे व गाडीचा पत्रा दोन्ही वाचले असते. वाचकांचे तरी वाचावे, एवढ्याच हेतूने हे लिहिले आहे.