प्रशिक्षण झालं, नोंद झाली का?

पंचायत समितीच्या आवारात दोन गुरुजी भेटले की पोराबाळांच्या चौकशीनंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "चट्टोपाध्याय लागली का?" प्रा. डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाने 1985 मध्ये अहवाल दिला. त्यातून 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आली, आणि अध्यक्षांचं आडनाव तिला कायमचं चिकटलं. पुढच्या 12 वर्षांनी निवडश्रेणी. ती मात्र वरिष्ठ श्रेणीतल्या 20 टक्के पदांनाच, तीही शैक्षणिक अर्हता वाढवलेली असेल तर. दोन्हींसाठी सेवांतर्गत प्रशिक्षण लागतं. त्यामुळे आमच्या धंद्यात शिकणं आणि पगार यांची गाठ पक्की आहे, आणि ती सोडवताना भल्याभल्यांची दमछाक होते.

मी आधी पाटण तालुक्यात होतो, मग आंतरजिल्हा बदलीने जतला आलो. साताऱ्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था फलटणला आहे. पाटणहून कराड, सातारा करत तिथे पोहोचेपर्यंत पहिल्या दिवसाचा चहा संपलेला असायचा. सांगलीची संस्था शहरातच, पण जतच्या पूर्व भागातून सांगली काही जवळ नाही. दोन्ही जिल्ह्यांतली प्रशिक्षणं करून झाल्यावर नव्या पोरांना मी एवढंच सांगतो, काय शिकलात ते सावकाश बोलू, आधी कागद दाखवा.

2022 च्या जूनमध्ये वरिष्ठ आणि निवडश्रेणीचं प्रशिक्षण ऑनलाइन झालं. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ते इन्फोसिसच्या स्प्रिंगबोर्ड या व्यासपीठावर ठेवलं होतं. शुल्क 2000 रुपये. आमच्या केंद्रातल्या एका सहकाऱ्याने नोंदणी तालुक्याच्या गावातल्या नेट कॅफेत केली. तिथल्या पोराने घाईत स्वतःचाच ई-मेल आयडी टाकला, आणि नावात वडिलांचं नाव गाळून नुसतं नाव-आडनाव. प्रशिक्षण सुरू झाल्याचा निरोप त्या पोराच्या मेलवर गेला, आणि तो तोवर पुण्याला कामाला लागलेला. मेल सापडला, गुरुजींनी रात्री जागून व्हिडिओ संपवले, स्वाध्याय लिहिले, प्रमाणपत्रही आलं. पण सेवापुस्तकात तीन शब्दांचं नाव आणि प्रमाणपत्रावर दोन. कारकुनाने प्रस्ताव परत पाठवला. चूक कारकुनाची म्हणता येणार नाही, त्याला दोन कागद जुळवायचे असतात. मग प्रतिज्ञापत्र, मुख्याध्यापकांचं पत्र, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, आणि त्यांच्याबरोबरच्यांना फरक मिळून गेल्यावर यांची फाइल हलली.

तेव्हा नोंदणी स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या मेलवरून करावी. सेवापुस्तक समोर उघडून ठेवावं आणि त्यात आहे तसंच, आडनावातल्या ऱ्हस्व-दीर्घासकट, नाव भरावं. 'शालार्थ' या पगाराच्या प्रणालीत नाव वेगळं पडलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावं. प्रकार निवडताना 'वरिष्ठ' आणि 'निवड' यांत गल्लत करणारे मी पाहिलेत. गट निवडताना प्राथमिकवाल्याने माध्यमिकवर बोट ठेवल्याचंही पाहिलंय. शुल्काची पावती त्याच दिवशी छापून ठेवावी. मोबाइलमधल्या स्क्रीनशॉटचं काय होतं हे मोबाइल पाण्यात पडलेल्या माणसाला विचारा. 'दीक्षा' या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांचंही तेच. प्रोफाइलमध्ये जे नाव, तेच प्रमाणपत्रावर उतरतं.

प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. कोऱ्या कागदावरच्या अर्जासोबत त्याची प्रत कार्यालयात द्यायची, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायची, आणि मग नोंद झाली का हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. माझ्या सेवापुस्तकात एका प्रशिक्षणाची नोंद सुरेख अक्षरात होती. कालावधी, आदेश क्रमांक, खाली गोल शिक्का. शिक्क्यावर सही नव्हती. बदलीच्या वेळी पुस्तक चाळताना हे दिसलं. सही करायचे ते साहेब तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. आदेशाची प्रत आणि उपस्थिती प्रमाणपत्र माझ्या फाइलला होतं, म्हणून नव्या साहेबांनी खातरजमा करून सही केली. कार्यमुक्त व्हायच्या आधी पानन् पान बघा. जिल्हा बदलल्यावर जुन्या कार्यालयातून एक सही आणणं काय असतं, ते आमच्यासारख्या बदलीवाल्यांना विचारा.

आता बी.एड.कडे येतो. डी.एड.वर लागलेल्या पुष्कळ जणांना पुढे शिकायचं असतं, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने सेवेतल्या शिक्षकांना ती वाट करून दिली. यशवंतराव मूळचे इथल्याच देवराष्ट्रेचे, त्यामुळे आमच्या भागात या विद्यापीठाबद्दल थोडी घरची माया आहे. पण प्रवेश घेण्याआधी नियुक्ती प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात हवी. प्रवेश जुलैचा आणि परवानगी सप्टेंबरची, एवढ्या फरकापायी एका बाईंच्या पदवीची नोंद अडून बसल्याचं मला माहीत आहे. "साहेब तोंडी हो म्हणाले होते" हे वाक्य कुठल्याही फाइलला लावता येत नाही.

आणि 'घरबसल्या बी.एड., हजेरीची अट नाही' असा निरोप ग्रुपवर आला, की तो पाठवणारा कितीही ओळखीचा असो, आधी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या यादीत ती संस्था शोधा. परराज्यातल्या संस्थेचं नाव असेल तर दोनदा शोधा. पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. ही पात्रता धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं आहे. एजंट हे सांगणार नाही.

नियमही बदलत राहतात. 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने वरिष्ठ आणि निवडश्रेणीला शाळासिद्धी या शाळा-मूल्यांकनातल्या 'अ' श्रेणीची अट जोडली होती. दोन शिक्षकांच्या, गळक्या छपराच्या शाळेने 'अ' श्रेणी आणायची कुठून? ऑगस्ट 2019 मध्ये ती अट गेली. मधल्या काळातल्यांची जी फरफट झाली ती झालीच. जून 2025 मध्ये या श्रेण्यांचं प्रशिक्षण पुन्हा समोरासमोर बसून झालं. म्हणून गेल्या वर्षी मित्राने कसं केलं यावर न जाता चालू आदेश मुळातून वाचावा, परिशिष्टांसह. ग्रुपवर फिरणारा त्याचा सारांश पुष्कळदा अर्धा असतो.

एवढं कागदपुराण ऐकून कोणी म्हणेल, गुरुजी, शिकणं कुठे गेलं? जागेवर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं. मोबाइल ओट्यावर टेकवून, आवाज बंद करून व्हिडिओ संपवणाऱ्यांचेही 50 तास भरतात. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट कुठल्याच घटकसंचात नव्हती. जतच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. माझ्या वर्गातल्या पोरांची हातच्याची वजाबाकी काही केल्या बसेना. प्रशिक्षणाच्या जेवणाच्या सुट्टीत उमदीकडच्या एका शिक्षकाने डबा बाजूला सारला, टेबलावर काड्यापेटी रिकामी केली आणि दहा काड्यांना रबर लावलं. "पोराला आधी ओंदु, एरडु, मूरु म्हणत गठ्ठा सोडू द्या. काड्या हातात सुटल्या की मग मराठीत लिहायला लावा." दुसऱ्या आठवड्यात वर्गात तेच केलं. पोरं गठ्ठा सोडायला भांडू लागली. अशा माणसांचे नंबर घ्यावेत. साधनव्यक्तीची स्लाइड नंतरही मिळते, हे लोक पांगले की सापडत नाहीत.

सध्या सगळ्यांच्या डोक्यावर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलं. पाचपेक्षा कमी उरलेल्यांची नोकरी शाबूत, पण पदोन्नती हवी तर परीक्षा द्यायचीच. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे लागतं, मलाही लागलं. अशा वेळी 'काम करून देतो' म्हणणारे बरोबर उगवतात. 2019-20 च्या टीईटी गैरव्यवहारात 7880 उमेदवारांवर कारवाई झाली, ती आठवावी आणि फोन ठेवून द्यावा. पहिला पेपर 150 गुणांचा, पाच विषय, प्रत्येकी 30 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या गटाला 90 पुरतात.

गणिताचे 30 आपल्याला सोपे वाटतात आणि तिथेच वेळ जातो. बालमानसशास्त्राची नावं डी.एड.नंतर कोणी काढलेली नसतात, तिथे गुण जातात. आमच्या केंद्रातले आम्ही काही जण शनिवारी सकाळची शाळा सुटली की एकत्र बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतो. तपासायला दोन वर्षांपूर्वी लागलेली, टीईटी पहिल्या फटक्यात काढलेली बाई असते. ती गुण देताना कोणाचं वय बघत नाही.