जोडचित्रे : गंमत आणि औचित्य

(तृतीय वर्ष, कला)

दोन किंवा अधिक छायाचित्रांतील भाग कापून, जुळवून त्यांतून एकच नवे चित्र तयार करणे, यास फोटोमॉन्टाज असे म्हणतात. मॉन्टाज हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ जुळणी असा आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘जोडचित्र’ हा सुटसुटीत शब्द वापरला आहे. पूर्वी या कामाला कात्री, डिंक, अंधारखोली आणि भरपूर चिकाटी लागे. आज खिशातल्या मोबाइलवर ते दोन मिनिटांत होते. साधन सोपे झाले म्हणजे कला सोपी होते असा एक समज आहे. तो कितपत खरा, हे पाहण्यासाठी आमच्या वर्गातील काही मित्रमैत्रिणींनी यंदा केलेली गमतीची जोडचित्रे अभ्यासायला घेतली आहेत. ‘आपल्या जिल्ह्यात जे नाही ते दाखवा’ एवढाच विषय सर्वांना ठरवून दिला होता. चित्रकर्त्यांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत, कारण येथे चर्चा चित्रांची आहे, माणसांची नाही.

थोडा पूर्वेतिहास

जोडचित्र हे काही संगणकाचे अपत्य नव्हे. ते जवळजवळ छायाचित्रणाइतकेच जुने आहे. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या निगेटिव्ह निळ्या रंगाला फार संवेदनशील असत. त्यामुळे समुद्र नीट उमटला की आकाश पांढरेफटक पडे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास त्यावर तोड काढली. समुद्र एका निगेटिव्हवर आणि ढग दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन तो एकाच कागदावर दोन्ही छापू लागला. म्हणजे जोडचित्राची एक वाट गरजेपोटी निघाली.

१८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून ‘जीवनाचे दोन मार्ग’ हे भव्य चित्र सिद्ध केले. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हमधून एका मरणोन्मुख तरुणीचे चित्र तयार केले, तेव्हा अनेक प्रेक्षक अस्वस्थ झाले. असेच दृश्य कुंचल्याने रंगवले असते, तर कोणी फारशी तक्रार केली नसती. छायाचित्र म्हटले की ‘हे घडले असणार’ असे आपण गृहीत धरतो. जोडचित्राची सगळी ताकद आणि सगळा धोका या गृहीतकात आहे. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमधील हाना होख, जॉन हार्टफिल्ड यांच्यासारख्या कलावंतांनी याच ताकदीचा उपयोग सत्ताधीशांची खिल्ली उडवण्यासाठी केला. हार्टफिल्डला त्यापायी १९३३ मध्ये जर्मनी सोडून पळावे लागले.

आपल्याकडे या विद्येचे आद्य आचार्य म्हणजे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेला हा माणूस चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण या तिन्ही कलांतून चित्रपटाकडे आला. ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. या चित्रपटाच्या आरंभी फाळके प्रथम त्या मुलीचेच निरनिराळे मुखभाव दाखवतात आणि मग तिला कृष्ण म्हणून आपल्यासमोर आणतात. ‘ही माझी मुलगी, आता हिचा कृष्ण पाहा,’ असे जणू ते सांगून टाकतात. युक्ती सांगून टाकल्याने गंमत उणावत नाही, किंबहुना वाढते, हा धडा आपण फाळक्यांपासून घ्यावा असा आहे.

जत्रेतल्या फोटोवाल्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. रंगवलेल्या पडद्यावरचा ताजमहाल, लाकडी मोटारगाडी, पुठ्ठ्याची चंद्रकोर आणि त्यावर बसलेले नवपरिणीत जोडपे असे फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. ते जोडपे खरोखर चंद्रावर गेले होते असे कोणालाच वाटत नाही, तरीही तो फोटो पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर राहतो.

आता आपली चित्रे

पहिले चित्र चांदबीबी महालाचे आहे. डोंगरावरची ती अष्टकोनी, तीन मजली वास्तू जशीच्या तशी ठेवून डोंगराच्या पायथ्याशी निळा समुद्र पसरला आहे आणि त्यात एक मोठे जहाज उभे आहे. कल्पना उत्तमच. पर्जन्यछायेतल्या, टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला बंदर मिळावे, यातली थट्टा नगरच्या माणसाला लगेच कळते. पण चित्र पाहताना कुठेतरी खटकते. महालाचा फोटो उंचावरून, खाली पाहत घेतलेला आहे, तर जहाजाचा फोटो किनाऱ्यावर उभे राहून घेतलेला आहे. उंचावरून पाहिले तर जहाजाचा डेक दिसायला हवा आणि क्षितिज जहाजाच्या बरेच वर जायला हवे. येथे आपल्याला जहाजाची फक्त कूस दिसते. त्यामुळे ते तरंगत नाही, भिंतीला टेकून ठेवलेल्या पाटीसारखे उभे राहते. शिवाय महालावर ऊन डावीकडून येते आणि जहाजावर उजवीकडून. जहाजाचा फोटो एखाद्या पुलावरून किंवा उंच धक्क्यावरून घेतलेला शोधला आणि आडवा उलटून घेतला, तर दोन्ही दोष जातील. उलटताना जहाजावरचे नाव तेवढे पुसायला विसरू नये.

या चित्राच्या निमित्ताने एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या वास्तूला आपण चांदबीबी महाल म्हणतो ती चांदबीबीची नव्हेच. ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवणाऱ्या राणीचे नाव लोकांनी एका मंत्र्याच्या कबरीवर चिकटवले आणि ते इतके पक्के बसले की सांधा दिसेनासा झाला. लोकस्मृतीसुद्धा जोडचित्रे करते, ती अशी.

दुसऱ्या चित्रात उसाने भरलेली बैलगाडी चंद्रावरून चालली आहे. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून ऊस आणि बैलगाडी ही जिल्ह्याची ओळखच होऊन बसली आहे. ती ओळख चित्रकर्त्याने थेट चंद्रावर नेली. येथे बैलांच्या सावल्या काळ्याभोर आणि रेखीव आहेत, आकाशही काळे आहे. हे शास्त्रास धरून आहे, कारण चंद्रावर हवा नाही. पण चाकांमागे मात्र मातीरस्त्यावरचा धुरळा तसाच लोंबकळत राहिला आहे. हवा नसेल तर धूळ लोंबकळणार नाही, उडाली तशी खाली पडेल. बैलांना श्वास कसा घेता येतो, हा प्रश्न मात्र आम्ही विचारत नाही. गमतीच्या चित्रात एक अशक्य गोष्ट मान्य करायची असते. बाकीच्या सर्व गोष्टींनी त्या अशक्यतेशी इमान राखायचे असते. धुरळा पुसून टाकला, तर हे चित्र जवळजवळ निर्दोष होईल.

तिसरे चित्र कळसूबाईवरच्या बर्फाचे. १६४६ मीटर उंचीच्या या शिखरावर बर्फ पडत नाही, म्हणून कल्पना विषयाला धरून आहे. परंतु चित्रकर्तीने पांढरा रंग सगळीकडे सारखाच फासला आहे. बर्फ उभ्या कातळावर ठरत नाही. तो टप्प्यांवर, खाचांत आणि माथ्यावर साचतो. काळ्या कड्यांवर मधूनमधून काळेपण राहू दिले असते, तर सह्याद्रीचे थर उलट अधिकच उठून दिसले असते. हिमालयाचा एखादा फोटो समोर ठेवून काम केल्यास हे सहज साधेल.

चौथे चित्र आम्हा बहुतेकांना सर्वांत आवडले, आणि तांत्रिक दृष्ट्या ते सर्वांत कच्चे आहे! कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी राखले गेले. त्यातला एक काळवीट वाचनालयात शिरून ‘शांतता राखा’ या पाटीखाली शांतपणे उभा आहे. त्याची कड कात्रीने कापल्यासारखी धारदार आहे. अंगावर उघड्या माळावरचे पिवळे ऊन आहे, तर खोलीत ट्यूबलाइटचा फिकट उजेड आहे. खुरांखाली सावली नाही, म्हणून तो फरशीपासून बोटभर वर तरंगतो. इतके असूनही चित्र पाहताच हसू येते, कारण जो प्राणी चाहूल लागताच पळतो तोच त्या खोलीतला सर्वांत शिस्तशीर वाचक ठरला आहे. कल्पनेत अर्थ असला की डोळा सांध्याकडे काणाडोळा करतो. पण म्हणून सांधा तसाच ठेवावा असे नाही. खुरांखाली एक मऊ सावली आणि अंगावर थोडा निळसर रंग, एवढे केले तरी पुरे.

औचित्याचा प्रश्न

पाचव्या चित्राबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. मढीची कानिफनाथांची यात्रा आणि तेथला गाढवांचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. या चित्रात त्या बाजारातल्या एका गाढवाला आमच्याच एका वर्गमित्राचे तोंड लावलेले आहे. जुळणी म्हणून पाहिले, तर पाचांत हेच चित्र सर्वांत सरस. उजेड एका बाजूचा, मानेवरची लव सांध्यात बेमालूम मिसळलेली, रंग एकजीव. सगळे हसले. ज्याचे तोंड होते तोही हसला. मात्र पुढच्या वेळी चित्र द्यायला तो आला नाही.

भरताने हास्यरसाचे मूळ विकृतीत, म्हणजे वेष, आकार, बोलणे यांच्या विपरीतपणात सांगितले आहे, आणि हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन प्रकारही केले आहेत. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्राने ‘औचित्य’ हाच काव्याचा प्राण मानला. अलंकार चुकीच्या अवयवावर घातला, तर शोभा न होता हसे होते, असे त्याचे म्हणणे. गमतीचे जोडचित्र तर मुद्दाम चुकीच्या जागीच अलंकार घालते. मग त्याला औचित्य कसले, असे कोणी विचारील. आमच्या मते औचित्य येथे जागेत नसून रोखात आहे. जहाज नगरला आले, तेव्हा आपण आपल्याच दुष्काळावर हसलो. काळवीट वाचनालयात आला, तेव्हा आपण आपल्याच गोंगाटावर हसलो. गाढवाच्या चित्रात मात्र बाकीचे सगळे एका मित्रावर हसले, आणि त्याला कोणी विचारलेही नव्हते. त्या गाढवाला चित्रकर्त्याने स्वतःचे तोंड लावले असते, तर त्याच कसबाचे खरे कौतुक झाले असते. म्हणून इतकी सफाईदार जुळणी असूनही हे चित्र आम्ही फसलेले मानतो.

दुसरा प्रश्न खरेपणाचा आहे. १९१७ मध्ये इंग्लंडातील कॉटिंग्ली गावी दोन मुलींनी कागदी पऱ्या कापून, टाचण्यांनी गवतात उभ्या करून फोटो काढले. खेळ घरगुती होता. पण शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी १९२० मध्ये ते खरे मानून छापले आणि मुलींना आपल्याच गमतीचे ओझे झाले. त्या पऱ्या कागदाच्या होत्या ही कबुली १९८३ साली, म्हातारपणी दिली गेली. आज तर एखादे चित्र मोबाइलवरून गावभर फिरते आणि करणाऱ्याचे नाव, हेतू, हसू सगळे मागेच राहून जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेने आता सांधाही उरू दिलेला नाही. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात ‘जोडचित्र’ असा शब्द आणि करणाऱ्याचे नाव घालण्याचा प्रघात आपण पाडावा. फाळक्यांनी आपली युक्ती लपवली नाही, मग आपणच का लपवावी?

जोडणी म्हणजे नेहमी थट्टा किंवा फसवणूक असेही नाही. आजोबांचा फोटो एका वयाचा आणि आजीचा दुसऱ्या वयाचा, असे दोन फोटो देऊन स्टुडिओतून जोडीचा एकच फोटो करून आणण्याची रीत आपल्याकडे होती. आयुष्यात जे दोघे कॅमेऱ्यासमोर कधी एकत्र बसले नाहीत, ते भिंतीवर शेजारी बसले. दोघांच्या चेहऱ्यांवरचा उजेड वेगळा असतो, खांदे जुळत नाहीत. पण त्या फोटोला हार घालताना घरातले कोणी सांधा पाहत नाही. समीक्षकानेही प्रत्येक ठिकाणी भिंग काढण्याची गरज नाही.

काही सूचना

पुढे जे मित्र जोडचित्रे करतील त्यांच्यासाठी वरील चर्चेतून निघणाऱ्या सूचना अशा :

१. आधी उजेडाची दिशा पाहावी आणि मगच फोटो निवडावा. उजेड जुळला की निम्मे काम झाले.

२. दोन्ही फोटोंतील क्षितिज आणि कॅमेऱ्याची उंची जुळते का, हे तपासावे.

३. जमिनीला टेकणाऱ्या प्रत्येक वस्तूखाली सावली द्यावी.

४. चित्रात अशक्य गोष्ट एकच असावी.

५. दुसऱ्याचा चेहरा वापरण्यापूर्वी त्याला विचारावे.

अभिप्राय देणाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. ‘छान’ एवढेच म्हणून थांबू नये, आणि ‘जमले नाही’ म्हणूनही थांबू नये. चित्रात काय दिसले ते आधी सांगावे, कल्पना कोठे पोचली ते सांगावे, आणि मग दुरुस्त करता येईल असा एक दोष दाखवावा. एका वेळी दहा दोष दाखवल्याने चित्र सुधारत नाही, चित्रकर्ता तेवढा गप्प होतो. सहृदय रसिकाची व्याख्या आपण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत दरवर्षी लिहितो. तिचा उपयोग शेजारच्या बाकावरील मित्राचे चित्र पाहतानाही करता आला, तर त्या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.