अंतर्मुख मन, स्थित्यंतराचा काळ आणि मानसोपचार



ज्याला आपण अंतर्मुख म्हणतो तो माणूस अबोल असतोच असे नाही. कचेरीत, वर्गात, सभेत तो चारचौघांसारखा बोलतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात आपण काय बोललो, समोरच्याने त्याचा काय अर्थ घेतला असेल, ह्याचा हिशेब तो मनाशी मांडत बसतो. ही सवय मुळात वाईट नाही. स्वतःच्या वर्तनाकडे बारकाईने पाहणारा माणूस दुसऱ्यावर अन्याय करण्यापूर्वी क्षणभर थांबतो, हा मोठाच गुण होय.

परंतु आयुष्यात स्थित्यंतर आले म्हणजे हाच गुण माणसावर उलटतो. लग्न, बाळंतपण, जवळच्याचा मृत्यू, सेवानिवृत्ती ही स्थित्यंतरे सर्वांच्याच वाट्याला येतात. आपल्या घरांत आणखी एक असते. घराण्यातील पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी शिकून शहरात जाते. वस्तीत परत आल्यावर ती ‘शिकलेली’ असते आणि शहरात तिच्या उच्चारांकडे लोकांचे लक्ष असते. पहिला पगार हाती येण्यापूर्वीच त्यावर चार घरांच्या आशा लागलेल्या असतात. हा ताण आईवडिलांना सांगावा, तर ज्यांनी मोलमजुरी करून शिकविले त्यांना वाटणार, एवढे शिकून आता कसले दुःख? म्हणून ते सांगितले जात नाही. मनातच राहते आणि मनातच वाढते.

विल्यम ब्रिजेस ह्या अमेरिकन लेखकाने १९८० साली स्थित्यंतरावर एक पुस्तक लिहिले. बाहेरची परिस्थिती एका दिवसात बदलते, पण मनाचे स्थित्यंतर तीन टप्प्यांनी होते, असे त्याचे म्हणणे. आधी जुने संपते, मग एक मोकळा, अधांतरी काळ येतो आणि त्यानंतर नवे सुरू होते. जुनी ओळख गळून पडलेली आहे आणि नवी अजून अंगवळणी पडलेली नाही, अशा त्या मधल्या काळात बहुतेकांची गाडी अडते. अंतर्मुख माणूस तर तेथे सारखा स्वतःलाच तपासत राहतो.

ह्या तपासण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला भेद नीट समजून घेतला पाहिजे. एक आत्मपरीक्षण आणि दुसरा रवंथ. मानसशास्त्रात दुसऱ्या प्रकाराला जो इंग्रजी शब्द आहे त्याचा मूळ अर्थही रवंथ असाच आहे. (गाईच्या रवंथाने निदान चारा पचतो!) सुसान नोलेन-होक्सेमा ह्या विदुषीने ह्यावर आयुष्यभर संशोधन केले. तिच्या एका अभ्यासाला योगायोगाने मोठी कसोटी मिळाली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि दुःखाला तोंड देण्याची त्यांची रीत तिने नोंदवून ठेवली होती. त्यानंतर १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, तेथे मोठा भूकंप झाला. भूकंपानंतर १० दिवसांनी व ७ आठवड्यांनी १३७ विद्यार्थ्यांची पुन्हा तपासणी झाली. ज्यांना आधीपासूनच दुःख घोळवीत बसण्याची सवय होती, त्यांच्यात खिन्नतेची लक्षणे अधिक आढळली. हा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपण करतो ते परीक्षण की रवंथ, हे ओळखावयाचे कसे? आपण स्वतःला कोणता प्रश्न विचारतो ते पाहावे. ‘माझ्याच बाबतीत असे का होते?’, ‘मी असाच का?’ हे प्रश्न ढगासारखे असतात, त्यांना कडा नसतात. ‘काल नेमके काय घडले? कोणत्या वाक्यानंतर मला घाम फुटला? उद्या पुन्हा तसे झाले तर मी पहिल्याने काय करीन?’ ह्या प्रश्नांना उत्तर असते. इंग्लंडमधील एडवर्ड वॉटकिन्स ह्या मानसशास्त्रज्ञाची उपचारपद्धती ह्याच भेदावर उभी आहे. अमूर्त ‘का’कडून मूर्त ‘कसे’कडे येण्याचा सराव ती रुग्णाकडून करून घेते.

आता कोणी म्हणेल, हे कळले, मग मानसोपचारतज्ज्ञ कशाला? अडचण अशी आहे की रवंथ करणाऱ्याला तो रवंथ करीत आहे असे वाटतच नाही. आपण खोल विचार करीत आहोत अशीच त्याची समजूत असते. ती समजूत मोडावयास दुसरा माणूस लागतो. तो नातेवाईक नसावा, त्याला आपल्याकडून काही नको असावे आणि ऐकलेले बाहेर न सांगण्याचे त्याच्यावर बंधन असावे. अशा माणसापुढे आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास बसणे, एवढेच त्या उपचाराचे बाह्य रूप असते. तेथे संमोहन नसते की विजेचे झटके नसतात. समुपदेशक औषधेही लिहून देत नाही. तो अधिकार डॉक्टरचा.

अंतर्मुख माणसाला येथे एक सोय आहे आणि एक धोकाही. आपल्या मनात काय चालते ह्याची बारीक नोंद त्याच्याकडे आधीच असते, ही सोय. पण तो घरूनच सगळे विश्लेषण तयार करून नेतो आणि व्याख्यान दिल्यासारखे सांगतो, हा धोका. चांगला समुपदेशक त्याला मध्येच थांबवून विचारतो, ‘हे सांगताना आत्ता तुम्हाला काय होते आहे?’ आणि बोलका माणूस गप्प होतो. माझ्या मते उपचाराला खरी सुरुवात त्या गप्प होण्यात होते.

अल्बर्ट एलिस ह्यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात बरीच रुजली आहे. घटना आणि भावना ह्यांच्या मध्ये आपली एक धारणा असते, असे ती सांगते. मुलाखतीत उत्तर अडखळले, ही घटना. ‘मला प्रत्येक वेळी अचूक बोलता आलेच पाहिजे, नाहीतर मी नालायक’, ही धारणा. त्यातील ‘च’ काढून पाहा. वाईट वाटायचे राहणार नाही, पण नालायकी मात्र उरणार नाही.

येथे मला एक गोष्ट स्पष्टपणे मांडावयाची आहे. वसतिगृहात किंवा कचेरीत जातीवरून कोणी टोमणा मारला असेल, तर तो टोमणा खरा आहे. ती रुग्णाची धारणा नव्हे. त्याच्यासाठी तक्रार आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. मानसोपचाराचे काम वेगळे आहे. त्या टोमण्यानंतर माणूस जे स्वतःला बोलू लागतो, ‘ते म्हणतात ते खरेच असेल, माझी लायकीच नाही’, ते थांबविणे हे त्याचे काम. ‘असे काही नसते, तुम्ही फार मनाला लावून घेता’, असे म्हणून समुपदेशक अपमानच पुसून टाकू लागला, तर त्याला एकदा स्पष्ट सांगावे. तरीही त्याला समजले नाही तर दुसरा पाहावा. त्यात संकोच करू नये.

दुसरा आक्षेप आपल्या वाचकांकडून हटकून येईल. आपल्याजवळ ध्यान आहे, मग हे परक्याचे औषध कशाला? पण हे औषध पुरते परके नाही. स्मृतीच्या बौद्ध साधनेवरूनच जॉन कबाट-झिन ह्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत तणावावरचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल ह्यांनी त्यातून खिन्नतेचा विकार पुन्हा उलटू नये म्हणून ८ आठवड्यांची पद्धती तयार केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या १४५ रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांना हा विकार तीन किंवा अधिक वेळा होऊन गेला होता, त्यांच्यात तो उलटण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के, तर ह्या पद्धतीत ३७ टक्के आढळले. ज्यांना तो दोनदाच झाला होता त्यांना मात्र तसा लाभ दिसला नाही. शिवाय हे सर्व रुग्ण त्या वेळी बरे झालेले होते आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली गटात बसत होते. ऐन खिन्नतेत एकट्याने दार लावून तासन् तास डोळे मिटून बसणे ही निराळी गोष्ट आहे, आणि त्यातून रवंथच वाढण्याचा संभव अधिक.

‘उदान’ ग्रंथातील मेघिय भिक्खूची हकीकत ह्या संदर्भात वाचण्यासारखी आहे. किमिकाळा नदीकाठची सुंदर आंबराई पाहून त्याला तेथे एकट्याने साधना करण्याची इच्छा झाली. बुद्धांनी थांबण्यास सांगूनही तो तीनदा विनंती करून गेला. तेथे काम, द्वेष आणि हिंसा ह्यांच्या विचारांनी त्याला घेरले. तो परत आला तेव्हा, अपक्व चित्त परिपक्व होण्यासाठी जे पाच उपाय बुद्धांनी सांगितले, त्यांत पहिला कल्याणमित्र आहे.

आता थोडी व्यवहाराची माहिती. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरला दाखवावे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी जावे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. सरकारी सेवा मिळण्याचा आणि आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याने दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठीतही बोलता येते. खाजगी तज्ज्ञाकडे जाणार असाल तर त्याचे शिक्षण व नोंदणी विचारून घ्यावी, आणि फी किती, साधारण किती भेटी लागतील, हेही पहिल्याच दिवशी विचारावे.

बोलायला सुचणार नाही अशी भीती वाटत असेल तर एका कागदावर तीन-चार ओळी लिहून न्याव्यात: काय बदलले, केव्हापासून, आणि रात्री किती वाजेपर्यंत जाग असते. वाचता आले नाही तर कागद पुढे केला तरी चालतो.