बंदुकीचे किती नियम लिहिशील, बाई?

अगं, तुझ्या फाशांच्या खेळाच्या नियमांची वही वाचून काढली. १८०३ सालचं वऱ्हाड, भोसले-शिंद्यांच्या फौजा, अडगावची लढाई, सगळं झकास. आपलं वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं, म्हणजे अकोल्यातलं अडगाव आपल्या जुन्या घरचंच की! पण बंदुकीवर एवढी पानं काहून खर्च केलीस? नळीची लांबी, गोळीचं वजन, वाऱ्याची दिशा... पोरी फासे टाकायला येणार आहेत, गणिताचा पेपर द्यायला नाही.

१९८६ साली ‘फीनिक्स कमांड’ नावाचा खेळ आला होता. गोळी अंगात कुठे शिरली याचेसुद्धा त्यात तक्ते. एक बार उडवायचा तर तक्ते चाळत बसायचं. तिकडे जाऊ नकोस.

दुसरं टोकही बघ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात लढाईचा एक राउंड सहा सेकंदांचा, आणि दर राउंडला मस्केटचा एक बार खुशाल काढता येतो. खरा कसलेला शिपाई चकमकीच्या बंदुकीने मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीच्या, बंदुकीला तर आणखी वेळ. बारूद ओत, वर गोळी, गजाने ठास, बंदुकीच्या कानावर चिमूटभर रंजक, तोडा पेटता आहे ना बघ, मग नेम. एवढ्यात समोरचा घोडेस्वार अंगावर आलेला!

बघ, मजा इथेच आहे. बार काढल्यावर पुन्हा ठासत बसायचं, की बंदूक टाकून तलवार उपसायची? हे खेळणारीला ठरवावं लागतं. माझं मोजमाप तेवढंच: ज्या नियमामुळे तिला काही ठरवावं लागेल तो ठेव, नुसती बेरीज करावी लागेल तो खोड. म्हणून ठासायला लागणारा वेळ राहू दे. पावसात बार फुसका जाणं राहू दे. धुराने समोरचं दिसेनासं होणंही. गोळीचं वजन मात्र जाऊ दे.

आणि जो नियम तुझ्या वहीत नाहीच, तो सगळ्यात मोठा: भीती. २९ नोव्हेंबरला अडगावजवळ मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या तेव्हा इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तीन पलटणी उठून मागे पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत धीराने लढलेली माणसं होती ती! वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा उभं केलं आणि शेवटी लढाई जिंकली. पळालेले काही गोळा लागून पळाले नव्हते, गं. इजेचा फासा टाकून हे कसं दाखवशील?

तुझा तो यूट्यूब पाहून बंदूकतज्ज्ञ झालेला दोस्त हुज्जत घालेल. घालू दे. खेळ संपल्यावर चहा पिताना बोल म्हणावं, मध्ये नाही.

तर आधी वहीतली ती आकडेमोड काप, आणि भीतीचा नियम लिहून मला पाठव. तुझ्या मैत्रिणी येण्याआधी आपण दोघी एकदा खेळून बघू.